हळदीचा डाग लाल का होतो? घरच्या साफसफाईचं साधं रसायनशास्त्र

आजचा विषय साफसफाई आहे हे कळल्यावर आमच्या ओळखीचे एक काका म्हणाले, "त्यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? फडकं घ्यायचं आणि कामाला लागायचं." काकांचं अगदीच चुकलं असं नाही. पण आज बोलणाऱ्या आम्ही पाच-सहा जणांनीही बरीच वर्षं असंच मानलं आणि त्यातून एक दिवस भलतंच घडलं. तिथूनच सुरुवात करतो.

आम्ही म्हणजे पुण्यातल्या एका सोसायटीतले शेजारी. आमच्यातल्या एकीने बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आहे, बाकीचे आपले नोकरी-व्यवसायातले. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. एका घरी कामाला येणाऱ्या मावशींना बाथरूम घासायला दिलं. फरशीवरचे पांढरे डाग काढायला ॲसिडची बाटली दिली आणि शेवाळ जावं म्हणून वर ब्लीचिंग पावडरचा पुडाही दिला. दोन्ही वस्तू आम्हीच आणलेल्या, आम्हीच हातात दिलेल्या. दहा मिनिटांत मावशी खोकत बाहेर आल्या. "ताई, डोळे चुरचुरतायत, छातीत कोंडतंय," एवढंच त्यांना बोलता आलं. त्यांना गच्चीवर मोकळ्या हवेत नेलं, मग दवाखान्यात. दोन दिवसांनी बरं वाटलं, पण पुढे महिनाभर जिना चढताना त्यांना धाप लागत होती.

ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ सैनिकांवर सोडला गेला, तोच हा वायू. आमच्या बाथरूममध्ये तो फार थोडा होता, पण खोली चार बाय सहाची आणि खिडकी बंद. दोन्ही वस्तूंवर सूचना छापलेल्या होत्या. इंग्रजीत, बारीक अक्षरात. मावशींना इंग्रजी वाचता येत नाही. आम्हाला येतं, पण आम्ही वाचल्या नव्हत्या.

त्यानंतर आम्ही ठरवलं, की घरात साफसफाईसाठी काय आणायचं, ते कशाने काय करतं, आणि काय कशात कधीही मिसळायचं नाही, हे नीट समजून घ्यायचं. सुरुवातीला वाटलं होतं, सगळं 'नैसर्गिक' आणलं की प्रश्न मिटला. तसं नसतं, हे हळूहळू कळलं. आज सांगायचं आहे ते एवढंच: वस्तू नैसर्गिक आहे की नाही यापेक्षा ती आंबट आहे की खारट-तुरट, म्हणजे आम्ल आहे की अल्क, हे आधी ओळखायला शिकायचं.

हळदीची परीक्षा

इथे टेबलावर एका पेल्यात हळदीचं पाणी आहे. त्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकतो. बघा, पाणी लालसर झालं. आता लिंबू पिळतो. फसफसतंय, आणि पुरेसं पिळलं की पुन्हा पिवळं.

हे तुम्ही सगळ्यांनी आयुष्यात शंभरदा पाहिलं आहे. शर्टावर वरणाचा डाग पडतो, त्यावर साबण लावला की तो एकदम लाल होतो आणि आपण घाबरतो. हळदीतलं करक्युमिन अल्काच्या संपर्कात आलं की रंग बदलतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, तेही याच कारणाने. म्हणजे प्रयोगशाळेतल्या लिटमसचं काम करणारी वस्तू आपल्या मिसळणाच्या डब्यातच आहे. घरातली कुठलीही बाटली अल्क आहे का, हे पाहायचं असेल तर तिचा एक थेंब हळदीच्या पाण्यात टाका. फक्त ब्लीच यात तपासू नका, ते हळदीचा रंगच उडवतं.

आम्ल-अल्क मोजायला पीएच नावाची पट्टी असते. शुद्ध पाणी 7 वर. त्याच्या खाली आम्ल: लिंबाचा रस, व्हिनेगर, चिंचेचा कोळ हे साधारण 2 ते 3 च्या घरात. 7 च्या वर अल्क: खाण्याचा सोडा 8 च्या जरासा वर, आणि धुण्याचा सोडा 11 च्या आसपास. या पट्टीवर एक पायरी म्हणजे दसपट फरक. म्हणून नाव दोन्हींचं 'सोडा' असलं, तरी खाण्याचा सोडा उघड्या हाताने वापरता येतो आणि धुण्याच्या सोड्याला हातमोजे लागतात.

मळ ओळखा, मग वस्तू निवडा

घरातला बहुतेक मळ तीन जातींचा असतो.

पहिला तेलकट मळ. गॅसच्या मागची भिंत, एक्झॉस्ट फॅनची पाती, डब्यांची झाकणं. याला अल्क लागतो. तेल आणि अल्क गरम पाण्यात एकत्र आले की तेलाचा थोडा भाग चक्क साबणात बदलतो आणि बाकीचं तेल तो साबण धरून नेतो. आपल्या आज्या चुलीतल्या राखेने भांडी घासत, त्यामागे हेच होतं. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, आणि ते धुण्याच्या सोड्याचं जवळचं भावंड. 'पोटॅशियम' हे नावसुद्धा भांड्यात आटवलेल्या राखेवरूनच पडलं. आता चूल नाही, तर एक लिटर कढत पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला, हातमोजे घाला, पाती त्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि मग घासा. एक अपवाद लक्षात ठेवा: ॲल्युमिनियमला हा सोडा लावायचा नाही. तो धातू खातो आणि भांडं काळं पडतं. ॲल्युमिनियमची काळवंडलेली कढई असेल तर तिच्यात पाणी आणि लिंबाच्या पिळलेल्या फोडी घालून उकळा, उजळते. स्टीलचं पातेलं करपलं असेल तर दोन चमचे खाण्याचा सोडा आणि पाणी घालून दहा मिनिटं उकळा. करपलेला थर सुटा होतो, काथ्याने निघतो.

दुसरा क्षारांचा मळ. नळावरचा पांढरा थर, बादलीच्या कडा, किटलीचा तळ. बोअरचं पाणी येतं त्या घरांना हे सांगायला नको. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. साबण, सोडा, कितीही घासणं, काही उपयोग नाही. तो आम्लात विरघळतो. यासाठी किराणा दुकानात मिळणारं लिंबाचं सत, म्हणजे सायट्रिक ॲसिड, सगळ्यात सोयीचं. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे. त्यात फडकं भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने पुसून धुवा. रात्रभर ठेवू नका, नळाचा मुलामा खराब होतो. किटलीत पाणी आणि चमचाभर सत घालून एकदा उकळलं की तळ स्वच्छ.

तांब्या-पितळेचंही याच घरात येतं. त्यावरचा काळपट थर हा ऑक्साइडचा, आणि तो चिंचेतल्या टार्टारिक ॲसिडमध्ये विरघळतो. चिंचेबरोबर चिमूटभर मीठ घेतलं की काम लवकर होतं. पण मग भांडं भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं करायचं. मिठाचा अंश राहिला तर दोन दिवसांत हिरवट डाग दिसतात आणि आपण चिंचेला दोष देतो.

देवघरातल्या चांदीचं प्रकरण निराळं आहे. तिचा काळेपणा हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे येतो. एका पसरट भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, वर चांदी ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा आणि उकळतं पाणी घाला. चांदी फॉइलला टेकलेली हवी. चार-पाच मिनिटांत काळेपणा जातो, सडक्या अंड्याचा किंचित वास येतो, तो गंधकाचा. पावडरीने घासलं की दरवेळी थोडी चांदी झिजते. इथे काळ्या थरातलं गंधक फॉइलकडे जातं आणि चांदी जागेवर राहते. मात्र खडे जडवलेल्या दागिन्यांना हे करू नका.

तिसरा रोजचा मळ. धूळ, घाम, अन्नाचे कण. याला साबणाचं पाणी आणि फडकं पुरतं. इथेच लोक सगळ्यात जास्त बाटल्या विकत घेतात, आणि इथेच सगळ्यात कमी लागतात.

ओटा कशाचा आहे?

लिंबू-व्हिनेगरची एवढी स्तुती ऐकून कोणी घरी जाऊन ओटा पुसायला घेईल, म्हणून आधीच सांगतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत ओटा कडाप्प्याचा असतो, फरशी शहाबादी किंवा कोटा. हे तिन्ही चुनखडकाचे प्रकार आहेत. संगमरवरही मूळचा तोच. म्हणजे नळावरचा थर ज्याचा, त्याच कॅल्शियम कार्बोनेटचा हा दगड. लिंबू नळावरचा थर विरघळवतं तसाच तुमचा ओटाही थोडा थोडा विरघळवतं. कडाप्प्यावर लिंबाची फोड राहिली की तिथे निस्तेज पांढरट ठसा उठतो, तो डाग नसून दगड खाल्लेला असतो. तो पुसून जात नाही. अशा ओट्याला आणि फरशीला साबणाचं पाणी, बस. ग्रॅनाइटला लिंबाने तसा धक्का लागत नाही.

फसफसण्याची गंमत

मोबाइलवर रोज एक तरी व्हिडिओ येतो: सोडा टाका, वर व्हिनेगर ओता, फेस बघा, झालं स्वच्छ. आम्हीही केलं. बघायला फार छान वाटतं. पण आत्ताच्या हळदीच्या पेल्यात काय झालं ते आठवा. सोडा आणि लिंबू एकमेकांना भिडले आणि दोघांचाही गुण संपला.

हिशोब सोपा आहे. 100 मिलिलिटर व्हिनेगरमध्ये 5 टक्के आम्ल असेल तर ते संपवायला खाण्याचा सोडा लागतो सुमारे 7 ग्रॅम, म्हणजे दीड छोटा चमचा. मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. ते ना तेल काढत, ना क्षार. फेस असतो कार्बन डायऑक्साइडचा, आणि तो तेलाला काहीच करत नाही. तेव्हा दोन्ही वस्तू चांगल्या, पण वेगवेगळ्या वापरायच्या. सिंक तुंबलं असेल तर आधी जाळीतला कचरा हाताने काढा, मग धुण्याचा सोडा आणि कढत पाणी. पाइप प्लॅस्टिकचा असतो, म्हणून उकळतं पाणी नको.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी का?

आता आमचा लाडका रिठा. दहा-बारा रिठे फोडून बिया काढा, टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा-वीस मिनिटं उकळून कुस्करा आणि गाळा. त्यातलं सॅपोनिन पाण्याला फेस आणतं आणि मळ सोडवतं. हे पाणी किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून रेशमी आणि लोकरी कपड्यांना, जे सोड्याने खराब होतात, त्यांना ते मानवतं. पैठणीला आणि दागिन्यांना रिठा, हे घराघरात माहीत असलेलं ज्ञान आहे, आणि ते बरोबर आहे. दोन-तीन दिवसांत हे पाणी आंबतं, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं.

पण याच रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं तर भयंकर झोंबतं. आणि सॅपोनिन माशांना विषारी असतं. अशा फळांचा चुरा पाण्यात टाकून मासे गुंगवून धरण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. घरातल्या चमचाभर रिठ्याने नदी मरत नाही, तो पातळ होतो आणि कुजून जातो. मुद्दा एवढाच, की झाडाला लागलं म्हणून ते सौम्य असतं असं नाही. लिंबाचा रस हाताच्या चिरेला लागला की हे पटतं.

हल्ली फळांच्या सालींचं बायोएन्झाइम बरेच जण करतात. प्रमाण ठरलेलं: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. आम्हीही करतो, कारण साली कचऱ्यात जात नाहीत आणि फरशीला वास छान येतो. पण त्यात जादू नाही. आंबून तयार झालेलं ते आम्ल आहे, व्हिनेगरच्या जातीचं. म्हणून कडाप्प्यावर नको, आणि ब्लीचबरोबर तर मुळीच नको. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा, आणि काचेची बाटली वापरायची नाही. आमची एक फुटली आहे.

जंतूंचं काय?

सोडा जंतुनाशक नाही. लिंबू, व्हिनेगर, बायोएन्झाइम यांच्यावरही आजारपणात विसंबू नये. रोजच्या दिवसाला साबण, पाणी आणि वाळवणं पुरेसं असतं, कारण बहुतेक जंतू मळाबरोबर वाहून जातात आणि कोरड्या जागी वाढत नाहीत. पण घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील तर ब्लीच वापरावं, त्यात कमीपणा नाही. कोविडच्या काळात, 2020 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने पृष्ठभागांसाठी 0.1 टक्के हायपोक्लोराइट सुचवलं होतं. बाटलीवर 5 टक्के लिहिलं असेल तर 1 भाग ब्लीचला 49 भाग साधं पाणी. आधी साबणाने धुवायचं, साबण पूर्ण काढायचा, मग हे लावून दहा मिनिटं ठेवायचं. खिडकी उघडी. आणि बादलीत दुसरं काहीही नाही.

पाणी पुढे कुठे जातं?

आपण बादली मोरीत ओततो आणि विषय संपतो. पण ते पाणी पुढे नदीत जातं. 1950 च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगायला लागले, कारण तेव्हाच्या डिटर्जंटचे फांद्या असलेले रेणू जिवाणूंना पचत नव्हते. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये त्यावर कायदा केला आणि पुढे उत्पादकांनी सरळ साखळीचे, लवकर कुजणारे रेणू वापरायला सुरुवात केली. म्हणजे हा प्रश्न सुटू शकतो, हे दिसलेलं आहे. आपल्याकडे आळंदीला इंद्रायणीवर फेस दिसतो, मुळा-मुठेवर जलपर्णी पसरते. त्यात कारखान्यांचं पाणी आहे, शुद्ध न केलेलं मैलापाणी आहे, आणि त्या मैलापाण्यात आपल्या घरची बादलीही आहे. आपण लिंबू वापरल्याने इंद्रायणी स्वच्छ होणार नाही. त्यासाठी शुद्धीकरण केंद्रं नीट चालायला हवीत आणि ते मागत राहायला हवं. पण कपड्यांना दोन चमच्यांऐवजी एक चमचा पावडर घालणं आपल्या हातात आहे, आणि बहुतेक वेळा कपडे तेवढेच स्वच्छ निघतात.

शेवटी, आम्ही काय बदललं

आमच्या घरांत आता चार बरण्या असतात: धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, लिंबाचं सत, रिठे. सोबत साधा साबण. आंबट वस्तूंच्या बरणीवर पिवळी पट्टी, सोड्यांवर लाल. हळदीचेच रंग, म्हणजे लक्षात ठेवायला सोपे. ब्लीचची बाटली वेगळ्या कपाटात, तिला काळी पट्टी, आणि नियम एकच: काळ्याबरोबर काही नाही. ॲसिडची बाटली आणणं आम्ही बंद केलं.

पट्ट्यांची कल्पना मावशींची. त्या बऱ्या होऊन परत आल्या तेव्हा आम्ही त्यांना रसायनशास्त्र समजावायला बसलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, हे सगळं तुम्ही ध्यानात ठेवा. मला फक्त बाटलीवर खूण करून द्या. मी आणखी तीन घरी जाते, तिथंबी करून देईन." आज त्या तिन्ही घरांत पट्ट्या आहेत. हातमोजे मात्र आम्ही आमचेच देतो, आणि दोन महिन्यांनी बदलतो.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: चुकून ॲसिड आणि ब्लीच मिसळलंच तर?
उत्तर: तिथे थांबू नका. वर सोडा टाकून बघू, पाणी ओतून बघू, असं काही नको. बाहेर पडा, मोकळ्या हवेत जा, जाता जाता हाताशी असेल तर खिडकी उघडा. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर लगेच डॉक्टरकडे. आणि वास गेल्याशिवाय कुणालाही आत पाठवू नका.

प्रश्न: फरशी पुसायच्या पाण्यात मीठ आणि तुरटी घालतात, उपयोग होतो का?
उत्तर: गढूळ पाणी निवळायला तुरटी उत्तम. पण फरशीवरचा मळ साबणानेच निघतो. मिठाने नुकसान नाही, पण लोखंडी पाय असलेल्या फर्निचरला गंज मात्र चढेल.

प्रश्न: हळदीचा कपड्यावरचा डाग मग काढायचा कसा?
उत्तर: साबणाने धुवा, लाल झाला तर घाबरू नका, आणि ओलाच कपडा कडक उन्हात टाका. करक्युमिन उजेडात टिकत नाही. एक-दोन उन्हांत डाग फिका पडतो. या कामाला बाटली लागतच नाही.

आज घरी गेल्यावर एवढं एकच करा: मोरीतल्या बाटल्या बाहेर काढा, त्यांच्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि ज्यांच्या हातात त्या जातात त्यांना ते त्यांच्या भाषेत सांगा.